सहावी शिफारस

बेट एवढंसं होतं, की सकाळच्या बोटीने आलेला माणूस रमतगमत फिरला तरी संध्याकाळी पाचच्या बोटीपर्यंत त्याचं सगळं पाहून होई, आणि तरीही धक्क्यासमोरच्या माहिती केंद्रात शिरून प्रत्येक पाहुणा बाईंना विचारायचाच, की इथे पाहण्यासारखं काय आहे. बाई न कंटाळता पाच बोटांवर पाच ठिकाणं मोजत: दीपगृह, काळ्या वाळूचा किनारा, पक्ष्यांचा कडा, जुनी वखार आणि गोड्या पाण्याचं तळं. सहावं हवंच असेल तर माझ्या नवऱ्याच्या गप्पा ऐका, असं त्या पूर्वी हसत सांगायच्या. नवरा पाहुण्यांना होडीतून बेटाभोवती फिरवून आणायचा, आणि त्याच्या गप्पांना खरोखरच अंत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका स्वच्छ सकाळी ‘दुपारपर्यंत येतो’ म्हणून तो एकटाच गेला. तिसऱ्या दिवशी होडी सापडली, तो सापडला नाही. आता नणंदेने, धक्क्यालगत पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीने, एक कागद आणून दिला होता. त्यावर बाईंनी सही केली, की तो मेला असं सरकारदरबारी कायमचं ठरणार होतं. नणंद वाईट नव्हती. रडून रडून ती थकली होती, एवढंच. बाईंना मात्र वाटे, की सही केली तर आपल्याच हाताने त्याला मारल्यासारखं होईल. आज करते, उद्या करते, असं म्हणत त्यांनी महिना काढला आणि शेवटी येत्या सोमवारचा शब्द दिला.

केंद्रात एक लाकडी पेटी होती. ‘पुढच्या पाहुण्यांना काय सुचवाल?’ असं तिच्यावर लिहिलेलं होतं, आणि परतणारी माणसं तिच्यात चिठ्ठ्या टाकून जात. त्या आठवड्यात एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, की दीपगृहामागच्या पायवाटेने खाली उतरा, निळ्या दाराचं घर लागेल, तिथले गृहस्थ डाव्या हाताने दोराची गाठ मारायला शिकवतात, अवश्य भेटा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या अक्षरात तेच. तिसऱ्या चिठ्ठीत त्या गृहस्थांची डावी करंगळी अर्धीच असल्याचंही होतं, आणि बाईंच्या डावखुऱ्या नवऱ्याची करंगळी नेमकी तशीच होती.

त्या लगोलग निघाल्या. पायवाट त्यांच्या पायाखालची होती, ती उतरून काट्यांच्या झुडपांत आणि पुढे नुसत्या खडकांत संपत होती. तरी त्या तीनदा जाऊन आल्या. मग त्यांनी घर पाहून आलेल्या एका जोडप्यालाच बरोबर नेलं, तर तीही दोघं खडकांपाशी गोंधळून उभी राहिली. पण दुसऱ्या दिवशी तीच दोघं आपापली गेली, आणि घर सापडल्याचं सांगायला आनंदाने परत आली. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की ते घर पाहुण्यांनाच दिसतं, आणि आपण या बेटाच्या पाहुण्या कधी नव्हतोच.

रविवारी केंद्र बंद असे. बाई सकाळच्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर जायला निघाल्या, तेव्हा नणंद धक्क्यापर्यंत आली. काळजी करू नकोस, दुपारच्या बोटीने येतेच, असं बाईंनी तिला सांगितलं. पलीकडे त्यांनी रुंद काठाची एक टोपी घेतली, परतीचं तिकीट काढलं आणि पाहुण्यांच्या घोळक्यात बसून बेटाकडे असं पाहिलं, जणू ते पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. उतरल्यावर ओळखीचं कुणी दिसलं तरी त्या थांबल्या नाहीत. दीपगृहाचा रस्तासुद्धा त्यांनी एका दुकानदाराला विचारला, आणि त्याने तो नीट समजावून सांगितला.

पायवाट या वेळी खडकांवर संपली नाही. निळं दार उघडं होतं आणि तो कठड्यावर दोर घेऊन बसला होता, जरासा वाळलेला, पण तोच.

“या, बसा,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच आलात का बेटावर?”

दोन वर्षं साठवलेलं सगळं बाईंना सांगून टाकायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांत परक्या माणसाविषयी असते तेवढीच आपुलकी होती, आणि ‘नाही’ म्हटलं तर हे दार, हा कठडा, हा माणूस क्षणात नाहीसा होईल, अशी त्यांना भीती वाटली.

“हो,” त्या म्हणाल्या.

त्याने दोराचा एक तुकडा त्यांच्या हातात दिला आणि बोटं धरून गाठ शिकवली. त्याचा हात उबदार होता. तुमची कुणी वाट पाहत असेल ना, असं बाईंनी कसंबसं विचारलं. तो हसला.

“माझी वाट कोण पाहणार? मी कुठे गेलोय? इथलाच आहे मी.”

मग उन्हं कलली तसं त्यानेच त्यांना उठवलं. पाचच्या बोटीची वेळ झाली होती.

बाई अक्षरशः धावत सुटल्या. तो आहे, श्वास घेतोय, आता सही नाही, उद्या नाही आणि कधीच नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. नणंद धक्क्यावर उभी होती, कपाळावर आडवा हात धरून समुद्राकडे बघत. बाईंनी तिचा दंड धरला.

“अगं, तुझा दादा जिवंत आहे! मी त्याला भेटून आले.”

नणंदेने हळूच हात सोडवून घेतला आणि ती हसली, खोली पाहायला आलेल्या माणसाकडे पाहून हसते तशी.

“माफ करा हं, माझं लक्ष नव्हतं. आमची वहिनी सकाळच्या बोटीने गेलीय. दुपारी येते म्हणाली होती, अजून पत्ता नाही तिचा.”

बाईंनी टोपी काढली. नणंदेने त्यांच्या उघड्या चेहऱ्याकडे क्षणभर नीट पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या, गाठ मारलेल्या दोराकडे पाहिलं.

“पाचची बोट सुटतेय,” ती मायेने म्हणाली. “चुकवू नका.” आणि पुन्हा कपाळावर हात धरून ती समुद्राकडे पाहत उभी राहिली.