लाल मासा आणि निळ्या फळ्या

मी एक जुना हातोडा आहे, मित्रांनो, पण जन्मात एकही खिळा ठोकलेला नाही. हसू नका. माझ्या तोंडावर मासा कोरलेला आहे. लाल रंगात बुडवून मला फळीच्या टोकावर मारले, की तो मासा फळीबरोबर समुद्रापार जाई.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फिनलंडमधल्या कोत्का बंदराजवळ एका लोहाराने मला घडवले. तिथल्या वखारीत साइमीबाई फळ्या पारखत, आणि मी त्यांच्या हातात असे. इंग्लंडला जाड, सरळसोट फळ्या लागत; हॉलंडला खिडक्यांसाठी सावकाश वाढलेले, बारीक रेघांचे पाइन लाकूड लागे. दक्षिण स्वीडनच्या बंदरांत बर्फ कमी, म्हणून त्यांचा माल आमच्या आधी पोहोचे. तरी हॉलंडचे व्यापारी आमची वाट पाहत. मासा दिसला, की ते गठ्ठा उघडूनही बघत नसत. मला त्याचा केवढा तोरा होता!

साइमीबाई आधी माझ्या पाठीने फळीवर टकटक करून कान लावीत. सुकी फळी खणखणीत वाजे, ओली बद्द वाजे. खणखणली तरच मासा उठे.

एका वर्षी समुद्र लवकर गोठू लागला. शेवटची बोट धक्क्याला उभी होती आणि अर्धा माल अजून पारखायचा होता. वेस्टेरिनेन मुकादम हात चोळत आले.

"साइमी, आज वाजवत बसू नकोस. बर्फ काही तुझ्या कानासाठी थांबणार नाही."

साइमीबाईंनी बोटीकडे पाहिले. मग भराभर मासे उठवत सुटल्या. मी ओल्या लाकडात रुतत होतो आणि मला ते कळत होते, पण हातोड्याला कोण विचारतो?

वसंतात पहिल्या बोटीबरोबर हॉलंडहून एक खोका आला. आत फळ्यांची कापलेली अकरा टोके होती. बोटीच्या पोटात बुरशी धरून सगळी निळी पडलेली, आणि प्रत्येकावर माझा लाल मासा. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती. "दहा वर्षे आम्ही गठ्ठे न उघडता माल घेतला, यापुढे स्वीडनकडून घेऊ."

"घाई मीच करायला लावली," असे मुकादम सगळ्यांसमोर म्हणाले. साइमीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"सांगितलंत तुम्ही, पण हात माझा होता."

त्यांनी एक निळे टोक आपल्या कामाच्या जागी भिंतीवर ठोकले. त्यासाठीही त्यांनी दुसरा हातोडा घेतला, याचे मला तेव्हा वाईट वाटले होते. पुढे बर्फ आला, बोटी खोळंबल्या, मुकादम चिडले, तरी न वाजवता एकही मासा उठला नाही.

चार वर्षांनी हॉलंडहून थोड्या मालाची मागणी आली. आम्ही तो पाठवला आणि वाट पाहिली. उत्तर आले तेव्हा साइमीबाईंनी ते दोनदा वाचले आणि खाली बसल्या. त्यात एवढेच होते: गठ्ठे उघडले नाहीत.

आता फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून जातात, खुणा यंत्र छापते, आणि एस्टोनिया-लाटव्हियाच्या वखारीही आमच्या बरोबरीने माल पाठवतात. साइमीबाई गेल्या. मी एका फडताळात पडून आहे, कोरीव रेघांत अजून थोडा लाल रंग आहे. मला तेल लावा असा माझा हट्ट नाही, मित्रांनो. पण कशावर आपली खूण उठवणार असाल, तर आधी एकदा वाजवून बघा. बोट कितीही घाईत असली तरी.