खिडकीकडचं टोक

टीव्हीच्या काचेवरचा डाग जमिनीपासून बावन्न सेंटीमीटर उंचीवर होता. चिकूच्या दोन बिया शेजारीशेजारी ठेवाव्यात तसा, मध्ये बारीक कोरडी रेघ. सकाळी मी तो ओल्या फडक्याने पुसायची. संध्याकाळी कॉलेजातून यायची तेव्हा तो परत तिथे असायचा. आठ दिवसांत तो बोटभरही सरकला नाही.

डाग गाठ्याच्या नाकाचा होता, त्यात काही गूढ नव्हतं. गाठ्या आमचा कुत्रा. चार वर्षांपूर्वी पाणीगेटजवळच्या फरसाणाच्या दुकानापाशी सासूबाईंना सापडला, रंगाने तळलेल्या गाठियासारखा, म्हणून हे नाव. प्रश्न एवढाच होता की बंद टीव्हीच्या काचेला तो रोज एकाच जागी नाक का लावतो. टीव्हीची ट्यूब जाऊन तीन आठवडे झाले होते. अलकापुरीतले टीव्ही दुरुस्त करणारे गोविंदभाई येतो म्हणाले होते आणि येत नव्हते.

"प्रेमात पडलाय मेला," सासूबाई म्हणाल्या. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि घरात कार्टून बघणाऱ्या एकट्याच.

"कुणाच्या?"

"ते का मला सांगतोय? लपवतोय. त्या कार्टूनमध्ये नाही का, तो टकलू बाप, त्याची ती भांडकुदळ बायको आणि लांब कानांचा कुत्रा. त्या कुत्र्याचं दुकानातल्या काचेमागच्या बाईवर मन बसलं. बाई म्हणजे पुतळा गं, कपडे घालून उभा करतात तो. रोज घरातलं काहीतरी चोरून तिच्यापुढे नेऊन ठेवायचा. आधी पाव, मग मालकिणीचा मोजा, मग अख्खा टेलिफोन! हसून हसून माझी कवळी सुटली. आणि ऐन रंगात आलं तर पडद्यावर एक रेघ, फट् आवाज, काळोख. तेव्हापासून हा असा."

"मग शेवट काय झाला?"

"मला काय विचारतेस? तुझ्या फिजिक्सला विचार."

माझी मुलगी वसुंधरा हसली, पण हातातला कागद तिने खाली ठेवला नाही. तिचं लग्न माघात ठरलं होतं. कागदावर पत्रिकेचा मजकूर होता. त्यात एकच जागा कोरी होती, तिच्या बाबांच्या नावाच्या आधीची.

"आई, प्रेसवाल्या काकांचा परत फोन होता. 'श्री.' की 'कै.'?"

"उद्या सांगते."

"उद्या, उद्या. बारा वर्षांत किती उद्या झाले गं?" ती रागावून बोलली नाही, म्हणूनच मला ते लागलं.

माझे यजमान लक्ष्मीकांत शहाऐंशीच्या श्रावणात गुरुवारी सकाळी सावली गावाला जाऊन येतो म्हणून स्कूटरवर गेले. सावलीत आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं, हे आम्हाला त्यानंतर कळलं. स्कूटर तिथल्या एसटी स्टँडवर मिळाली, कुलूप लावलेली, डिकीत पुसायचं फडकं नीट घडी घालून ठेवलेलं. बाकी काही मिळालं नाही. वसू तेव्हा बारा वर्षांची होती. माणूस गेला असं मानायला कायद्यासाठी सात वर्षं पुरेशी होती, धर्मासाठी बारा. बारा वर्षांनी पळसाच्या तीनशे साठ देठांची माणसाएवढी आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. ती बाराही या श्रावणात पूर्ण झाली. मी मंगळसूत्र घालत होते, कुंकू लावत होते, आणि कुणी विचारलं तर सांगत होते की सासूबाईंच्या मनाची तयारी नाही.

काचेपुढे वस्तू यायला लागल्या त्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या दिवशी अर्धी खारी. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या लोकरीचा गुंडा. गाठ्या त्या टीव्हीच्या स्टँडपाशी ठेवायचा, दोन पावलं मागे सरकून बसायचा आणि काचेत बघायचा. कार्टून बघून कुत्रा काही शिकत नाही, असं मी वसूला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिथे तपकिरी चामड्याची सपात होती. लक्ष्मीकांतांची, उजव्या पायाची. सावलीला निघाले त्या दिवशी ते बूट घालून गेले होते.

सपाता माझ्या कपाटाच्या तळाशी असायच्या, जुन्या उशीच्या अभ्र्यात. लग्नाच्या साड्यांना हवा द्यायला मी कपाट उघडं ठेवलं होतं, तेव्हा त्याने ओढली असणार. मी ती पुसून परत आत ठेवली. दुसऱ्या दिवशी कपाट बंद होतं. काचेपुढे डाव्या पायाची होती. मी कपाट पाहिलं. दाराचा खटका सैल होता. पंजाने उघडू शकतो. शकतो, एवढंच.

शुक्रवारी प्रॅक्टिकल नव्हतं. दुपारी सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या, वसू प्रेसमध्ये नमुने बघायला गेली, आणि मी जेवणाच्या टेबलापाशी पेपर तपासायला बसले. तिथून दिवाणखाना पूर्ण दिसतो. एका भिंतीला टीव्ही, समोर त्याच्याकडे तोंड करून झोपाळा. सागाची फळी, पितळी कड्या, चार माणसं मावतील एवढा.

साडेचारला, म्हणजे कार्टूनच्या वेळेला, गाठ्या उठला. कुणी हाक मारल्यासारखा, एकदम. काचेपुढे बसला. शेपूट फरशीवर हळूहळू आपटायला लागली. मग त्याने मान पुढे केली, नाक काचेला टेकवलं, मान मागे घेतली. परत पुढे, परत मागे. घाई नव्हती. खेळही नव्हता. एखादी गोष्ट जवळ येते, लांब जाते, परत जवळ येते, आणि जवळ आली की तिला हुंगायचं, तसं.

मी झोपाळ्याकडे पाहिलं. तो स्थिर होता. फळीवर सकाळचं वर्तमानपत्र पडलेलं, त्याचं सुटं पानही हलत नव्हतं.

मी जाऊन गाठ्याच्या मागे फरशीवर बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी गाल त्याच्या कानाला लागेल इतकं डोकं खाली नेलं आणि त्याला दिसतं ते बघितलं. काळ्या काचेत फुगीर, लहान झालेला दिवाणखाना. खिडकी, माझं तोंड, त्याचं तोंड. आणि जिथे त्याच्या नाकाचा डाग पडत होता, बरोबर तिथे झोपाळ्याचं खिडकीकडचं टोक.

लक्ष्मीकांत त्या टोकाला बसत. एक पाय फळीवर दुमडून, दुसऱ्याने जमिनीला रेटा देत. मी भिंतीकडच्या टोकाला. बारा वर्षांत त्या जागी कुणाला बसू नको असं कुणीही सांगितलं नाही, आणि तरी कुणी बसलं नाही. पाहुणेसुद्धा मधे बसतात. गाठ्या त्यांच्यानंतर आठ वर्षांनी जन्मला.

मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मी पर्समधलं स्टॉपवॉच काढलं. काय वाटतंय ते कळत नाही तेव्हा मी मोजते, ही सवय आहे. नाक टेकण्यापासून पुन्हा नाक टेकण्यापर्यंत एक, अशा वीस वेळा. चोपन्न सेकंद. पुन्हा मोजलं. चोपन्न. तिसऱ्यांदा पंचावन्न, पण तेव्हा माझा अंगठा घसरला होता.

मग मी वर्तमानपत्र उचललं आणि रिकामा झोपाळा हलकेच ढकलला. वीस फेऱ्या, एकोणसाठ सेकंद.

गाठ्याने मागे वळूनही पाहिलं नाही. खरा झोपाळा हलत होता आणि तो काचेतच बघत होता, आपल्या तालात. दोघांचा ताल जुळत नव्हता.

वसू परतली तेव्हा मी तिला चप्पल काढायचीही उसंत दिली नाही.

"झोपाळ्यावर बस. भिंतीकडे. पाय वर घे."

"शुं थयुं, आई? झालं काय?"

"बस ना."

मी ढकललं आणि मोजलं. वीस फेऱ्या. चोपन्न.

हे मी दरवर्षी मुलींना शिकवते. झोपाळ्यावर माणूस बसला की वजनाचा मध्य वर सरकतो, झोपाळा जणू आखूड होतो, आणि फेरी लवकर पुरी होते. रिकामा झोपाळा एकोणसाठ. बसलेला माणूस असेल तर चोपन्न. कुत्र्याला हे शिकवता येत नाही. आणि गाठ्या रिकाम्या झोपाळ्याच्या नव्हे, बसलेल्या माणसाच्या तालात मान हलवत होता.

"आई, तू पांढरी पडलीयेस," वसू म्हणाली. "पाणी आणू?"

"गाठ्या किती दिवस असं मान हलवतोय?"

"पहिल्यापासून. आजीला विचार, ती रोज समोर असते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. कधी उठल्या ते कळलं नव्हतं. पदराने चष्मा पुसत त्या आल्या आणि झोपाळ्याच्या मधोमध बसल्या, नेहमीसारख्या.

"मोजून झालं?" त्यांनी विचारलं.

"आई, तुम्हाला काही दिसतं?"

"मला? मोतीबिंदू झालाय मला. मला तू दिसतेस हेच पुष्कळ." त्यांनी चष्मा लावला. "याला दिसतं. म्हणून तर मी गोविंदभाईंना फोन करून सांगितलं, हमणां ना आवशो, इतक्यात येऊ नका. दुरुस्त झाला की काचेत चित्रं येतील. मग याला कसं दिसणार?"

"आजी!" वसू म्हणाली. "आम्ही त्या बिचाऱ्या माणसाला तीन आठवडे शिव्या देतोय."

"दे की. त्याला कुठे ऐकू येतात?"

कुणी हसलं नाही. वसू उठली आणि तिच्या जागी, भिंतीकडच्या टोकाला मी बसले. झोपाळा थांबला होता. समोर गाठ्याची मान पुढे जात होती, मागे येत होती.

"मला वाटलं तुम्हाला नको आहे," मी म्हटलं. "विधी. तुमचा मुलगा. मी कोण बोलणार?"

"मला नको कशाला असेल?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "श्रावणातच मी गुरुजींना विचारलं. देठ किती, कुणी आणायचे, नदीवर की इथेच. सगळं कागदावर लिहून देवघरात ठेवलंय, कुंकवाच्या करंड्याखाली. रोज करंडा उचलतेस ना? कागद कधी दिसला नाही तुला?"

दिसला होता. घडी केलेला, रेघी वहीचा. मी तो वाण्याची यादी समजले होते. समजले होते असं मी स्वतःला सांगितलं होतं.

"मी तुझ्यासाठी थांबले, निरू," त्या म्हणाल्या. "बाईचं कुंकू दुसऱ्या बाईने कसं पुसावं?"

वसू माझ्या पायाशी फरशीवर बसली. तिच्या हातात तो मजकुराचा कागद होता, घडीवर घडी पडून मऊ झालेला. "आई, मला काहीही चालेल," ती म्हणाली. "खरंच. श्री. घालू. पण तू सांग. कुणीतरी सांगा ना एकदा. मी रोज दाराची बेल वाजली की अजून बाराच वर्षांची होते."

गाठ्या उठला. तो वसूजवळून, माझ्या पायांवरून झोपाळ्याला वळसा घालून गेला. कपाटाकडून येताना त्याच्या तोंडात सपात होती, उजवी. ती त्याने या वेळी काचेपुढे ठेवली नाही. खिडकीकडच्या टोकाखाली फरशीवर ठेवली, पाय घालायला सोपी जाईल अशी. मग डावी आणली. दोन्ही शेजारीशेजारी. आणि वर बघून, कान मागे टाकून तो थांबला. शेपूट हलत होती. मला त्याच्या तोंडावर एक ओळखीचं काहीतरी दिसलं, आणि ते कुठे पाहिलं हे आठवायला वेळ लागला नाही. रोज कुंकू लावताना आरशात.

खिडकीकडची कडी बारीक करकरली. सासूबाई मधे बसल्या होत्या, त्या हलल्या असतील. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय फरशीवर टेकलेले होते, हात मांडीवर.

फोन वाजला. वसूने उठून घेतला. "हा काका. हा, पांच मिनिट." तिने रिसीव्हर छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी त्या टोकाकडे बघितलं नाही. काचेतही बघितलं नाही. मी माझ्या मुलीकडे बघितलं, आणि जरा मोठ्याने बोलले.

"कै. घाल, वसू. आणि पत्रिका आठ दिवस उशिरा छापा म्हणावं. आधी आपल्याला ह्यांना पोचवायचंय."