सिस्टरांचा चार्ज

दुपारपासून आई दिवाणखान्याच्या दारात ड्यूटीवर असल्यासारखी उभी होती; महिनाभर हे रोजचंच झालं होतं. घोटे सुजून टम्म झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय वर ठेवले नाहीत तर रुग्णालयात दाखल करावं लागेल. आणि तिथे परक्या खाटेवर आई हातची जाईल, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

"आई, बस ना गं."

"तू कोण मला सांगणारी?"

"अगं, रिटायर होऊन चौदा वर्षं झाली तुला."

झालं, आगीत तेल! आईने अशी नजर टाकली की लेकीची बोबडी वळायचीच बाकी राहिली.

"नाद सोड," सोफ्यावरून बाबा म्हणाले. "माझं चाळीस वर्षांत ऐकलं नाही, तुझं काय ऐकणार!"

लेक स्वयंपाकघरात गेली. लहानपणी ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर आईची वाट बघत बसायची. दुसरी सिस्टर येऊन चार्ज घेईपर्यंत आई वॉर्डाबाहेर पाऊल टाकायची नाही, मग पोरगी तापाने फणफणलेली का असेना.

महिनाभर आपण तिला नुसतं घरी बोलावतोय, लेकीच्या मनात आलं. तिला ड्यूटीवरून सोडवायला कोणी गेलंच नाही.

केस घट्ट बांधून, वही-पेन घेऊन ती परत आली. "सिस्टर, चार्ज द्या."

आईने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "वीस मिनिटं उशीर. घड्याळ काय शोभेला बांधलंय?"

"चुकलं, सिस्टर."

"लिही. बेड एक." बोट थेट सोफ्याकडे. "म्हातारा गोडबोल्या आहे. गोळी गिळल्याचं नाटक करतो आणि उशीखाली सारतो."

"मी? छे, छे!" बाबा उडालेच.

लेकीने उशी उचलली. खाली रक्तदाबाच्या तीन गोळ्या. तीन दिवस तिला पत्ता नव्हता, आणि जिला नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं तिने मात्र चोरी पकडली होती. लेकीची मान अभिमानाने ताठ झाली.

"वाचून दाखव."

तिने अक्षरन् अक्षर वाचलं. आईने वहीवर सही केली, तीच जुनी, झोकदार. मग खुर्चीत बसली. लेकीने पायांखाली स्टूल सरकवलं, तसे तिने पाय त्यावर ठेवले.

"अख्ख्या ड्यूटीत एक पेशंट पडू दिला नाही मी."

"ठाऊक आहे, सिस्टर. सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे."

आईने समाधानाने डोळे मिटले. सोफ्यावर बाबा मुकाट्याने आजची गोळी गिळत होते.