वाळ्याने धरलेला काठ

उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोठ्याईच्या हातांना ओल्या वाळ्याचा मंद, गारसर गंध असायचा. मोठ्याई म्हणजे माझी थोरली काकू. नागपुरात वाळा कूलरच्या ताट्यांत भरतात. ही बाई तो परसामागच्या नाल्याच्या काठावर लावायची. पदर खोचून, उतारावर बसत-सरकत, भेगाळलेल्या काळ्या मातीत एकेक ठोंब दाबताना तिची वाकलेली पाठ मावळतीच्या प्रकाशात तांबूस दिसे, आणि तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू असे.

काठ टिकला पाहिजे, एवढाच तिचा ध्यास. काठाला लागून थोरले काका रोज बाज टाकून बसत. ते गेल्यावर ती तिथेच जाऊन बसू लागली. त्यांच्याशी भांडायला, असं ती म्हणे. दर पावसाळ्यात नाला परसाचा लचका तोडत त्या जागेकडे सरकत होता. वाळा रुजला आणि तो थांबला.

यंदा मे महिन्यात गल्लीने नालेसफाईचं यंत्र आणवलं. त्याला हार घातला, नारळ फोडला. आमच्या लोकांना हिरवं दिसलं की त्यात डासच दिसतात, आणि उघडीबोडकी माती दिसली की स्वच्छता! यंत्राचा पंजा तळ सोडून काठ खरवडू लागला तशी मोठ्याई धावली.

"काहून उपटून राहिला गा? मले विचारलं का कोणी? त्या गवतानंच काठ धरून ठेवला ना!"

"मच्छर किती होऊन राहिले काकू, सापबी निघतात," म्हणत शेजारणीने तिच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.

मला अजून संताप येतो. कित्येक पावसाळ्यांनी विणलेली ती मुळं दुपारच्या जेवणाआधी ट्रकमध्ये गेली, आणि सगळे समाधानाने बघत उभे होते. मीही होतो.

श्रावणातल्या एका पुरात काठ ढासळला, बाजेच्या जागेसकट. आता सिमेंटच्या भिंतीसाठी माणसं येऊन मापं घेतात. बैल गेला नि झोपा केला. मोठ्याई सांजेला उरलेल्या मातीच्या कडेशी उभी राहते, पाण्यावरच्या पोकळीकडे बोट दाखवते आणि चिडून म्हणते, "तिथंच बसत होते नं ते."

माणूस गेला तरी त्याची जागा उरते, आणि तिच्या आधाराने आठवण उभी राहते, असं मी धरून चालत होतो. काका काळाने नेले, त्याला इलाज नव्हता. जागा मात्र आम्ही नेली, आणि त्या जागेला आता आठवायचं तर तेही अधांतरीच.