पहिले वाटण माझे

मित्रांनो, सिंदेवाहीजवळच्या एका गावातला मी एक जुना पाटा. काळा, जड आणि थोडासा तिरसट. मला कोणी घडवले ते आता आठवत नाही. शकुबाई सून म्हणून या घरात आली तेव्हा मी स्वयंपाकघरातच होतो आणि तिने लगेच माझ्यावर चटणी वाटली, एवढे मात्र पक्के आठवते.

ती चटणी म्हणजे आमच्या घराची शान! उन्हाळ्यात जंगलातून चारं, म्हणजे चारोळीची फळे, आणायची, त्यांच्या बिया जात्यावर फोडायच्या आणि आतली चारोळी काढायची. मग चारोळी, लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, असे सगळे माझ्यावर यायचे. वरवंटा फिरू लागला की घरभर वास सुटायचा. शेवटी जवसाच्या तेलाची धार. ही चटणी गरम भातात कालवायची, भाकरीला लावायची, वांग्याच्या भाजीतही चमचाभर घालायची. नात दिव्यानी नागपूरला शिकायला गेली आणि सुट्टीत येऊन म्हणाली, "आजी, असल्या चटणीले तिकडे हॉटेलात पेस्टो म्हणतेत. शेवयांत कालवून खातेत."

"खाऊ दे ना मंग," शकुबाई म्हणाली. "आपण भातात खातो."

पुढे शकुबाईचे हात दुखू लागले आणि वरवंटा सुनेच्या, नीलिमाच्या हाती आला. तिच्याही हाताला चव होती. धानाच्या रोवणीला येणाऱ्या बायका जेवणाआधीच तिच्या डब्यात डोकावायच्या. त्या डोकावल्या की नीलिमाचा चेहरा कसा खुलायचा!

पण वाटून वाटून मी गुळगुळीत झालो. चारोळी माझ्यावरून नुसती घसरू लागली. नीलिमाचे खांदे भरून यायचे. ते पाहून तिच्या नवऱ्याने, हेमराजने, गावात आलेल्या टाकीवाल्या झिंगूला घरी बोलावले. त्या दिवशी नीलिमा शेतात होती आणि शकुबाई लेकीकडे नागभीडला. झिंगूने छिन्नी-हातोडी घेऊन माझ्या अंगावर बारीक टाके घातले. दुखले, खोटे कशाला बोलू? पण अंगात पुन्हा धार आली.

जाताना तो हेमराजला म्हणाला, "भाऊ, पहिलं वाटण तांदळाच्या कणीचं अन् मिठाचं करजा, अन् फेकून देजा. टाक्यात दगडाची बुकटी राह्यते."

हेमराजने मान डोलावली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि ते वाक्य त्याच्या डोक्यातून गेले. त्याने माझ्यावर बादलीभर पाणी ओतले आणि मला जागेवर ठेवले. नीलिमाच्या माहेरी खलबत्ता होता, पाट्याची ही रीत तिला ठाऊक नव्हती. माझे नवे टाके पाहून ती हरखली आणि दुसऱ्या दिवशी तिने थेट चारोळीच वाटायला घेतली. मी आतून ओरडत होतो. दगडाचे ओरडणे कोण ऐकणार?

संध्याकाळी ती रडतच घरी आली. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जेवताना रोवणीवाल्या गिरजाबाईच्या दाताखाली कचकन खडा आला होता. "बाई, चटणी वाढली का रेती?" गिरजाबाईने विचारले आणि सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी त्या बायका घरूनच लोणचे घेऊन आल्या. नीलिमाचा डबा तसाच परत आला. हे तिला फार लागले.

"टाकी मारल्यानं दगड खिळखिळा झाला वाटते," हेमराज म्हणाला. "आता हा चुरतच राहीन."

झाले! माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. वरवंटा दाराला टेकू म्हणून लागला. माझ्यावर साबणाचे कपडे आपटले जाऊ लागले. नीलिमाने चटणी करणेच सोडले. त्याहून वाईट म्हणजे नवी मोरी बांधायला मुखरू मिस्त्री आला आणि मला तिथे पालथा बसवायचे ठरले. एकदा सिमेंटमध्ये बसलो की संपलेच. घमेल्यात माल कालवून तयार होता. मुखरूने मला हातही घातला.

"थांब रे मुखरू!"

शकुबाई नुकतीच नागभीडहून आली होती, हातातली पिशवीही तिने खाली ठेवली नव्हती. तिने माझ्या अंगावरून तळवा फिरवला.

"हेमराज, पाटा कवा टाकवला?"

"रोवण्याच्या आधी. पण तो चुरून राह्यला, माय."

"अन् कणी-मीठ काऊन नाई वाटलं?"

हेमराजने जीभ चावली. "झिंगूभाऊनं सांगतलं होतं. म्याच विसरलो."

नीलिमा पुढे आली. "म्हणजे माह्या हातानं नाई बिघडलं?"

"नाई व बाई. तुह्या हातानं नाई, पाट्यानंही नाई."

त्या दोन शब्दांनी तिचा जीव भांड्यात पडला आणि माझाही. तिने मला स्वतः घासून आत आणले. कणी आणि मीठ वाटले. करडी, कचकचीत पेस्ट निघाली ती फेकून दिली. तळव्याला रेती लागेनाशी झाली, तेव्हा चारोळी घेतली.

निंदणाला त्याच बायका आल्या. गिरजाबाईने अगदी हळू, भीत भीत घास चावला. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने पुन्हा चावला. मग भाकर पुढे केली, "वाढ अजून." नीलिमाने हे संध्याकाळी माझ्यावर वाटण वाटताना मला सांगितले आणि ती कितीतरी वेळ हसत होती.

मित्रांनो, जुनी वस्तू बिघडली असे वाटले, तर तिला पालथी घालण्याआधी एकदा तिच्यावरून हात फिरवून बघा. आणि पाटा टाकवलात, तर पहिले वाटण माझ्या नावाने काढा. त्यानंतरचे सगळे तुमचेच आहे.