कधीच न कण्हणारा पेशंट

मी नाना बोलतोय. माझे ओठ साच्यातच चिकटून आलेत, तेव्हा 'बोलतोय' म्हणणं जरा धाडसाचंच. पण पाहिलेली गोष्ट पोटात ठेवायची तर मला पोटही नाही, नुसती पोकळी आहे.

मी रुग्णसेवेचं शिक्षण देणाऱ्या केंद्रातला पुतळा. एका कारखान्यात मला रबर-प्लास्टिकमधून घडवलं, खोक्यात घालून इथं आणलं आणि खाटेवर निजवलं. 'नाना' हे नाव मुलींनी ठेवलं. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलगी माझं नाक दाबून बघते आणि हसते. एकदा वळवताना माझा पाय निखळून एकीच्या हातात आला, तर ती त्या पायाचीच माफी मागत बसली. माणसं म्हणजे अजब चीज आहे, हे मला तेव्हाच कळलं.

आमच्या बाई कडक शिस्तीच्या. त्यांचा एकच नियम, "हात चालू, तोंड बंद." बोलण्यात लक्ष गेलं की हात चुकतो, असं त्यांचं म्हणणं. परीक्षेत शांततेलासुद्धा गुण असत.

हा नियम सगळ्यात जड गेला टकळीला. तिच्या तोंडाची टकळी दिवसभर चालायची, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. घरी पाठची भावंडं होती आणि शिवणकाम करणाऱ्या आईची नजर अधू होत चालली होती. हिला नोकरी लागली तरच घर तगणार होतं. म्हणून बिचारीने ओठ मिटायला शिकून घेतलं. माझी कूस बदलताना, माझ्याखालची चादर काढताना ती इतकी गप्प असे, की दोघांतला पुतळा कोण असा प्रश्न पडावा. परीक्षेत ती पहिली आली आणि रस्त्यापलीकडच्या रुग्णालयाने तिला महिनाभर काम पाहून मग कायम करण्याच्या बोलीवर घेतलं.

महिना संपण्याआधीच रुग्णालयाच्या मेट्रनबाई टकळीला घेऊन आमच्या वर्गात आल्या. टकळीचे डोळे सुजले होते.

"हिचा हात चांगला आहे," मेट्रनबाई म्हणाल्या, "पण पेशंट हिला घाबरतात. ही येते, एक अक्षर न बोलता अंगाखालची चादर ओढायला लागते. काल एका आजींनी खाटेचा कठडा असा धरला, की सोडेचनात. आणि ही एकटीच नाही हो, तुमच्याकडून आलेली प्रत्येक मुलगी अशीच."

"पण इथं तर कधी कुणाची तक्रार..." बाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांची नजर माझ्यावर पडली होती.

"नाना कशाला तक्रार करतील?" मेट्रनबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "महिना संपेपर्यंत बघते. नाही जमलं तर मला दुसरी मुलगी शोधावी लागेल."

"तुम्हाला कशी मुलगी हवी, हे आधी सांगायचं तरी."

"तुम्ही कधी विचारलंत?"

इतकी वर्षं मुली रस्ता ओलांडून तिकडे जात होत्या, पण त्या दिवसापर्यंत या दोघींपैकी एकीनेही तो ओलांडला नव्हता.

मेट्रनबाईंनी मला उचलून खुर्चीत बसवलं, चपला काढल्या आणि चक्क माझ्या जागी आडव्या झाल्या. "वळव मला."

टकळीने शिकवल्याप्रमाणे गुपचूप खांद्याखाली हात घातला. मेट्रनबाईंचं अंग लाकडासारखं ताठ झालं, मूठ आवळली गेली. त्या नाटक करत नव्हत्या; सगळं ठाऊक असूनही त्यांचं अंग घाबरलं होतं.

"आता बोलून कर."

टकळीने बाईंकडे पाहिलं. "बोल गं," बाई हळू म्हणाल्या. "नियम माझा चुकला, तुझा हात नाही."

"आजी," टकळी म्हणाली, "आता तुम्हाला माझ्याकडे वळवते हं. पाठीला माझा हात आहे. पडू नाही द्यायची मी."

आणि मी पाहिलं, की आवळलेली मूठ उघडली. खांदे सैल पडले, श्वास लांब झाला आणि ते वजनदार शरीर सहज वळलं. माझ्या अंगावर शेकडो हात फिरले असतील, पण हाडामांसाचं माणूस नुसत्या शब्दाने हलकं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी थक्क झालो. अजूनही आहे.

त्यानंतर बाई स्वतः रुग्णालयात जाऊन वॉर्डात उभ्या राहू लागल्या. वर्गात मुली आळीपाळीने पेशंट होतात. बाईही आडव्या होतात आणि अशा काही कण्हतात, की मुलींना हसू आवरत नाही.

महिना संपला तेव्हा टकळी कामाच्या कपड्यांतच धावत आली. तिला कायम केलं होतं. कठडा धरणाऱ्या आजी आता सकाळपासून विचारतात, "माझी बडबडी आली का?" हे सांगताना ती रडत होती आणि बाई तिचे डोळे आपल्या पदराने पुसत होत्या.

जाता जाता ती माझ्या खाटेपाशी थांबली. "नाना, नेहमी छताकडेच बघत असता. खिडकीकडे वळवू का?"

आजवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने उत्तराची वाट पाहिली, खरंच पाहिली. मग पाठीला हात देऊन मला हलकेच वळवलं.

तेव्हापासून मी खिडकीकडे तोंड करून आहे. रस्ता ओलांडणाऱ्या मुली इथून दिसतात. त्यांच्या हाती कधी तुमची आई असेल, कधी तुम्हीही असाल. मुलींनो, मला स्पर्श कळत नाही, तरी माझ्याशी बोलत चला. पलीकडे कुणीतरी कठडा धरून पडलेलं असतं.