मळीची ढेप

मामांनी घण उचलला, तेव्हा भट्टीखात्यातली सगळी माणसं चार पावलं मागे सरकली.

"चोर म्हणता माझ्या भाच्याला? दोन लेकरांच्या बापाला?" मामांचा आवाज भट्टीच्या घरघरीवर चढला. "भंगार घालता तेवढं ॲल्युमिनियम हाती येत नाही, म्हणून मळी वाहणारा चोर! हा कुठला न्याय?"

"मळीत लपवून धातू बाहेर जातोय, असा संशय आहे मामा," साहेब चाचरत म्हणाले. "त्याला उद्यापासून येऊ नको म्हटलंय, बस."

"बस? माणसाच्या तोंडाला काळं फासायचं आणि वर बस?"

भाचा गाड्याला टेकून उभा होता. गाड्यात आजची मळी गार होऊन दगडासारखी झाली होती. दुधावर साय धरावी तशी ही मळी वितळलेल्या धातूवर धरते. ती लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढायची, हे मामांचं काम. त्यांच्यासारखा हात कारखान्यात दुसरा नव्हता. मामांनी मळी ओढली की खालचा धातू असा लख्ख व्हायचा, की नवी माणसं मुद्दाम बघायला यायची.

"जाऊ द्या ना मामा," भाचा पुटपुटला. "मी दुसरीकडे बघेन काम."

"तू गप बस, मुखदुर्बळ! देवाने जीभ काय नुसती घास गिळायला दिलीय?" मामांनी मळीची ढेप खाली लोटली. "बघा साहेब, डोळे फाडून बघा काय लपलंय ते!"

घण बसला. ढेप दुभंगली.

लपवलेलं काहीच नव्हतं. काळ्या मळीत चंदेरी ओघळ होते, बोटाएवढे जाड, थरावर थर गोठलेले.

"म्हणजे हा धातू मळी ओढतानाच फावड्याबरोबर..." साहेब बोलता बोलता थांबले.

मामांनी दुसरा तुकडा फोडला. मग तिसरा. आत तेच.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"रोज मीच उचलतो ना. वजन हाताला कळतं."

"आणि चोर म्हणवून घेतलंस?"

"तुमच्या हाताचं नाव आहे, मामा."

मामा लालबुंद झाले. साहेबांवरही ते एवढे भडकले नव्हते. घण टाकून त्यांनी भाच्याचं मनगट धरलं, त्याला ओढतच भट्टीच्या तोंडाशी नेलं आणि फावडं आत घातलं.

"बघत राहा. फावडं मळीखालच्या धातूत गेलं की 'थांबा' म्हण. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

भाच्याचे ओठ हलले, आवाज फुटेना.

"अरे, ओरड की!" मामांचाच आवाज चिरकला.